पावणेपाच फुटांचं घर

मिस्त्री खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ही हकिगत त्यांच्या एका खोट्यापासूनच सुरू होते. खोटं तरी केवढं, दोन शब्दांचं. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या ते लेकीला म्हणाले, "हो, लिही." बस, एवढंच.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मिस्त्री न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी सांधा बदलून नवा बसवला. "बसवायचं काम माझं होतं, चालवायचं तुमचं," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मिस्त्रींना तो माणूस आवडला. बिजागऱ्या बसवून झाल्यावर तेही गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते. पुढच्या व्यायामाची मात्र पंचाईत होती. एक तर सहा आठवडे शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रात जाऊन राहायचं, नाहीतर फिजिओथेरपिस्टने रोज घरी यायचं. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे तिथे न्यायचा प्रश्नच नव्हता. मिस्त्रींना काय हवं होतं ते विचारायची गरज नव्हती. घरी, दुसरं काय.

"घरी चालेल," डॉक्टर म्हणाले, "पण घर त्या कामाचं आहे का, हे फिजिओबाई ठरवतील. त्या नाही म्हणाल्या तर केंद्र."

मग फिजिओबाईंनी लेकीच्या फोनवर एक फॉर्म पाठवला. सोबत चोवीस तास कोण राहणार, पायऱ्या किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, याआधी कधी पडला होता का. लेक बापाच्या उशाशी बसून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होती आणि उत्तरं भरत होती. वाचता वाचता एक प्रश्न आला: घरातल्या खुर्च्या आणि पलंग नेहमीच्या उंचीचे आहेत का?

"आहेत की," लेक म्हणाली. "नेहमीचेच ना, बाबा?"

मिस्त्रींनी छताकडे पाहिलं आणि ते दोन शब्द उच्चारले.

गंमत बघा, लेकीने मनापासून लिहिलं होतं. ती त्याच घरात जन्मली, त्याच खुर्च्यांना धरून उभं राहायला शिकली, त्याच टेबलावर अभ्यास करून मोठी झाली. पण त्या घरात एकही वस्तू नेहमीच्या उंचीची नव्हती, आणि मिस्त्रींना ते इंचाइंचाने ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. मिस्त्री तेव्हा पंचविशीतले, फर्निचरच्या कारखान्यात कामाला, उंची पाच फूट अकरा इंच. एक दिवस टपाल कचेरीतून निरोप आला, तिकिटांच्या खिडकीवर नवी बाई रुजू झाली आहे आणि बाहेरच्यांना तिचं नुसतं कपाळ दिसतं, तेव्हा तिला उभं राहायला एक लाकडी चौथरा करून द्या. मिस्त्री टेप घेऊन माप घ्यायला गेले.

"उंची?"

"पावणेपाच फूट. आणि हसायचं नाही."

ते हसले नाहीत. चौथरा करून दिला. आठवड्याने बघायला गेले, डुगडुगत असेल म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा तेच. (हे आपण खोट्यात धरायचं नाही, हा कामाचा भाग.) तिसऱ्या खेपेला खिडकीपुढे रांग उभी असताना ती आतून म्हणाली, "मिस्त्री, चौथरा ठणठणीत आहे. तुमचं काय ते बोला." रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. मिस्त्रींचे कान लाल झाले, पण बोलायचं ते बोलून मोकळे झाले.

लग्नानंतर दोन खोल्या घेतल्या. कारखान्यातून दोन खुर्च्या आणल्या, बाजारात असतात तशाच, अठरा इंची. ती बसली आणि तिचे पाय लोंबकळायला लागले. पाय हलवत हसून म्हणाली, "शाळेत बसल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री करवत घेऊन आले आणि खुर्चीचे चारही पाय चार चार इंच कापले. मग आपली खुर्ची ओढली.

"अहो, ती कशाला? ती तुमची आहे."

"समोरासमोर बसलो की तुझ्याकडे वरून बघावं लागतं. मला नाही आवडत ते."

आणि तीही कापली.

एकदा करवत चालली ती थांबली नाही. पलंग झाला, टेबल झालं, स्वयंपाकाचा ओटा, फडताळं, कपड्यांचे खिळे, सगळं तिच्या हाताच्या मापाने खाली आलं. आरसा इतका खाली लावला की दाढी करायला मिस्त्रींना गुडघ्यात वाकून उभं राहावं लागे. पाहुण्यांचे हाल विचारू नका. बसले की गुडघे हनुवटीला लागत. तिचा थोरला भाऊ चांगला आडदांड गडी, त्याला तर दोघांनी दोन हात धरून उपसून काढावं लागे. शेजारीपाजारी त्या घराला बालवाडी म्हणत. पावणेपाच त्यावर सगळ्यांच्या वर हसायची. हो, मिस्त्री तिला पावणेपाचच म्हणत, शेवटपर्यंत. आणि ती त्यांना मिस्त्री.

दिवसभर ती त्या चौथऱ्यावर उभी असायची. संध्याकाळी घरी आली की पिशवी टेकवायची, आपल्या खुर्चीत बसायची, दोन्ही पाऊलं जमिनीवर सपाट ठेवायची आणि म्हणायची, "टेकले बाई." एवढंच ऐकण्यासाठी मिस्त्री कारखान्यातून वेळेवर निघत. मित्र चिडवायचे, मिस्त्रीला घरी हजेरी लावावी लागते म्हणून. लागायचीच.

वाकून वाकून त्यांची पाठ धरली ती धरलीच. ती विचारायची, "माझ्यापायी झालं ना हे? खरं सांगा, दुखते ना?" ते म्हणायचे, "नाही." वर्षानुवर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर. तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. खुर्च्या होत्या तिथेच राहिल्या.

तर अशा घरी मिस्त्रींना आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फिजिओबाई आली. बाई कसली, तिशीची मुलगी, पाठीवर बॅग, केस घट्ट बांधलेले. लेकीने तिला दारातच थांबवलं, ओळखपत्र मागितलं, नोंदणीचा नंबर आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करून पडताळून घेतला होता तो जुळवून पाहिला आणि वर सांगितलं, "मी पूर्ण वेळ खोलीतच बसणार आहे. दार उघडं असेल."

"अगं, पोरीला आत तर येऊ दे," मिस्त्री पलंगावरून ओरडले.

"नाही काका, विचारू दे त्यांना," ती मुलगी म्हणाली. "जे विचारत नाहीत त्यांच्याच घरी मला भीती वाटते."

ती आत आली आणि दोन पावलांवर थबकली. पलंगाकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. बॅगेतून शिंप्याचा असतो तसला कापडी टेप काढला आणि खाली वाकली.

"चौदा," मिस्त्री म्हणाले. "पलंग पंधरा. आणि तो टेप फेकून दे, कापड ताणलं जातं. टेबलाच्या खणात लोखंडी आहे."

तिने मोजलं. चौदा. पलंग पंधरा. ती गुडघ्यांवर बसूनच लेकीकडे वळली. "ताई, फॉर्ममध्ये नेहमीची उंची लिहिलीत तुम्ही."

"नेहमीचीच आहे," लेक म्हणाली. मग तिने खुर्चीकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा पाहावं तसं. "म्हणजे... मला तर आजवर वाटायचं, सासरचंच फर्निचर उंच आहे."

फिजिओबाईला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिने विचारलं, "सकाळी काकांना उठवलं कसं?"

लेकीने दाखवलं. तिने एक हात धरला होता, जावयाने दुसरा, आणि दोघांनी मिळून ओढलं होतं. ते बघताना त्या मुलीचा चेहरा उतरला. तिने मिस्त्रींच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, सूज पाहिली, टाके पाहिले, पाय हळूच हलवून पाहिला. मग खाली बसली आणि सरळ बोलली.

"काका, नवा सांधा अजून पक्का धरलेला नाही. इतक्या खाली बसलात की मांडी पोटाकडे येते, आणि तशात कुणी ओढलं तर सांधा जागेवरून निसटतो. आज नशीब चांगलं होतं. आपलं बूड गुडघ्याच्या वरच राहिलं पाहिजे. तुमच्या उंचीला खुर्ची एकोणीस-वीस इंच हवी, पलंगही तेवढाच, संडासावर उंच बैठक, आणि ही सतरंजी उचला. हे होईपर्यंत मी इथे व्यायाम घेणार नाही. परवा येते. झालं असेल तर रोज येईन. नसेल तर डॉक्टरांना फोन करेन आणि तुम्हाला केंद्रात जावं लागेल."

"आणि मी नाही गेलो तर?"

"तर मी येणार नाही. चुकीच्या घरात व्यायाम घेण्यापेक्षा न घेतलेला बरा." बाजारात पायांखाली लावायचे प्लास्टिकचे उंचवटे मिळतात असं तिने सांगितलं. लेकीच्या मदतीने पलंगावर तात्पुरती आणखी एक गादी घालून दिली, पडल्या पडल्या पावलं वरखाली करायला शिकवलं, "तोवर खाली उतरायचं नाही" असं दोनदा बजावलं आणि गेली.

दार लागल्याबरोबर मिस्त्री म्हणाले, "फर्निचरला हात लावायचा नाही."

"बाबा, मग केंद्रात चला."

"केंद्रातही जाणार नाही."

लेक शांत स्वभावाची, आईवर गेलेली. पण सकाळपासून तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. आपण लिहिलेल्या एका "हो"मुळे बापाचा पाय गेला असता, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला सूत न् सूत माहीत असतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात." मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे केलं. तेव्हा ती पुढे जे बोलली ते ती इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. "आई गेली, बाबा. तिच्या खुर्च्या सांभाळता सांभाळता आता तुम्ही जा."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत राहिला.

दुपारभर मिस्त्री पडून होते. दोन गाद्यांवरून खोली वेगळीच दिसत होती. त्यांना स्वतःचाच राग येत होता, लेकीचाही येत होता, आणि त्या टेपवाल्या पोरीचा तर सगळ्यात जास्त, कारण तिचं एकही माप चुकलं नव्हतं. पण राग फार वेळ टिकेना. नजर सारखी खुर्च्यांकडे जाई आणि मन भलतीकडेच जाई. तिला बढती मिळाली तो दिवस. ती धावत आली होती, धाप लागलेली, आणि आधी बसली, पाय टेकले, मग सांगितलं. लेकीच्या वेळी सातवा महिना असताना खुर्चीतून उठवेना, तेव्हा ती म्हणाली होती, "मिस्त्री, दोन इंच जास्तच कापलंत." दोघं हसून हसून बेजार झाले होते. त्या हसण्यातही त्यांनी पुढे होऊन तिला उठवलं होतं, एका हाताने. आता स्वतःला उठवायला दोन माणसं लागत होती.

संध्याकाळी चहा द्यायच्या आधी लेक त्यांना पलंगावर वर सरकवायला आली. काखेत हात घातले, दात-ओठ खाऊन सरकवलं, उशी लावली. सरळ होताना तिचा हात आपोआप कमरेवर गेला आणि तिथेच दाबून राहिला. फक्त क्षणभर. मिस्त्रींनी पाहिलं.

"पाठ दुखते?"

"नाही," लेक म्हणाली.

मिस्त्री त्या "नाही"कडे बघत राहिले. ते त्यांना चांगलं ओळखीचं होतं. आयुष्यभर त्यांनी स्वतः ते वापरलं होतं, तसंच, तितक्याच पटकन, तसंच दुसरीकडे बघत. त्याची किंमत किती असते हे घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं की पावणेपाचलाही ते ठाऊक असणार. इतक्या वर्षांत एकदाही तिचा त्यावर विश्वास बसला नसणार, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा विचारायची. चहा आला तो तसाच हातात राहिला.

"माळ्यावर जुन्या दाराची चौकट आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "काढ खाली."

"कशाला?"

"प्लास्टिक माझ्या घरात येणार नाही. ठोकळे करायचे. बारा."

त्या दिवशी उरलेली संध्याकाळ आणि दुसरा अख्खा दिवस लेक जमिनीवर बसून करवत चालवत होती. शाळेत असताना कारखान्यात बापाच्या शेजारी बसून ती हे शिकली होती आणि नंतर साफ विसरली, असा तिचा समज होता. हात विसरले नव्हते. पलंगावरून सूचनांचा मारा चालू होता. "ओढताना काप, ढकलताना नको. घाई कुणाची आहे? रेषेच्या बाहेरून घे." प्रत्येक ठोकळ्याच्या वरच्या अंगाला पटाशीने चौकोनी खाच पाडायची होती, खुर्चीचा पाय आत घट्ट बसेल अशी, नाहीतर ठोकळा सरकणार. पहिल्या दोन खाचा वाकड्या झाल्या. मिस्त्रींनी ठोकळा छातीवर ठेवून काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला आणि परत दिला.

"मला नाही हो जमत सुतारकाम," लेक कुरकुरली.

"तरी बरी आहेस. तुझ्या मामाला मी एकदा खिळा ठोकायला दिला होता, त्याने भिंत पाडली."

ती हसली. खोलीभर ताज्या भुश्श्याचा वास सुटला होता. कित्येक वर्षांत त्या घरात तो वास आला नव्हता, आणि मिस्त्रींना बरं वाटलं. ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

ठरल्या दिवशी दहाला फिजिओबाई आली. पलंगाखाली चार ठोकळे, मिस्त्रींच्या खुर्चीखाली चार. सतरंजी गेलेली, संडासावर उंच बैठक आलेली. तिने लोखंडी टेपने मोजलं. वीस, बरोब्बर. खुर्ची दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली, स्वतः बसली, उठली, पुन्हा बसली. मग ठोकळ्याच्या खाचेवरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?" लेकीने बापाकडे बोट केलं, बापाने लेकीकडे.

मग तिने मिस्त्रींना उठवलं. ओढून नाही. ऑपरेशनचा पाय पुढे ठेवायला लावला, हात पलंगाच्या कडेवर, "आता तुम्हीच उठायचं, मी फक्त इथे आहे." मिस्त्री उठले. वॉकर धरून पाच पावलं गेले, पाठमोरे झाले, मागे खुर्चीचा स्पर्श होईपर्यंत थांबले आणि सावकाश बसले. गुडघे कुठे हनुवटीकडे आले नाहीत. खुर्चीने त्यांना अलगद घेतलं. आराम वाटला, आणि त्या आरामाचाच त्यांना मनापासून राग आला. डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत.

"दुखतंय का, काका?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पायात जरा ओढ बसते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला. खरं सांगतो."

"असंच सांगत जा," ती म्हणाली. कागदावर काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. घर चालेल. उद्यापासून रोज येते." लेकीने भिंतीला टेकून श्वास सोडला. तेवढ्यात फिजिओबाईची नजर शेजारच्या दुसऱ्या खुर्चीकडे गेली. चौदा इंचीच होती ती अजून. "हिचं राहिलंय. ही अशी इथे चालणार नाही. सवयीने बसाल कधीतरी."

"ती माझी नाही," मिस्त्री म्हणाले.

लेक खाली बघत होती. उरलेले चार ठोकळे कालपासून टेबलावर पडून होते. मोजून बारा सांगणाऱ्याने ते कुठे लावायचे हे सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. फिजिओबाईला काहीतरी उमगलं असावं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, काका. मग ठोकळे काढले तरी चालेल. आहे तसं होईल सगळं."

"मी नुसते खाली सरकवते, बाबा," लेक घाईघाईने म्हणाली. "तीन महिन्यांनी आईची खुर्ची होती तशी करू."

मिस्त्री खुर्चीकडे बघत होते. बसायच्या पट्ट्यांवरचं पॉलिश मधोमध झिजून पांढुरकं पडलं होतं, लहानशा जागेत. 

"सरस लावून चिकटव," ते म्हणाले.

"बाबा, पण मग ठोकळे निघायचे नाहीत."

"नकोत निघायला. लाव." त्यांचा आवाज चिरकला, त्यांनी तो सावरला. "पावणेपाच आता बसायला येणार नाही."

लेकीने आईची खुर्ची उलटी करून जमिनीवर ठेवली आणि एकेका पायाला सरस लावायला बसली.